सर्वांचा पाणवठा

अमरावती जिल्ह्यात पापळ नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथे २७ डिसेंबर १८९८ रोजी एका शेतकरी कुटुंबात पंजाबराव देशमुखांचा जन्म झाला. १९२० साली ते उच्च शिक्षणासाठी विलायतेस गेले. तेथे ते बॅरिस्टर झाले; शिवाय वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम व विकास या विषयावर प्रबंध लिहून त्यांनी डॉक्टर ही पदवीही संपादन केली.

१९२६ साली पंजाबराव वऱ्हाडात परतले. त्या काळी सार्वजनिक विहिरी लोकांच्या पैशातून बांधल्या जात. परंतु अस्पृश्य मानलेल्या लोकांना तेथे पाणी भरण्याची मनाई असे. धर्माच्या नावाखाली तहानलेल्या माणसाला पाणी नाकारले जाई. मंदिरांची दारेही त्यांना बंद होती. अमरावतीचे अंबादेवीचे मंदिर सर्वांना खुले व्हावे, म्हणून १९२७ साली चळवळ उभी राहिली. तीत पंजाबराव अग्रभागी होते. १९२८ साली ते जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले व त्यांनी सार्वजनिक विहिरी सर्वांसाठी मोकळ्या केल्या.

पुढे ते मध्यप्रांत व वऱ्हाडच्या सरकारात मंत्री झाले. १९३२ साली त्यांनी हिंदू देवस्थान संपत्ती विधेयक मांडले. देवस्थानांच्या संपत्तीचा विनियोग शिक्षणासारख्या लोकहिताच्या कामी व्हावा, हा त्यामागील हेतू होता. या विधेयकाला कडवा विरोध झाला. धर्माच्या कारभारात सरकारने हात घालू नये, असे विरोधकांचे म्हणणे होते. प्रश्न खरोखरच अवघड होता. पूजा कशी करावी, हे सरकारने सांगू नये, हे तर योग्यच. पण समाजाने दिलेल्या धनाचा विनियोग हाही केवळ धर्माचाच विषय मानावा काय? धर्माची सीमा कोठे संपते आणि राज्याची कोठे सुरू होते? ते विधेयक मंजूर झाले नाही. प्रश्न मात्र मागे उरला.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर देशाची घटना समिती भरली. पंजाबराव तिचे सभासद होते. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेने या प्रश्नाचे उत्तर दिले. प्रत्येकाला आपला धर्म पाळण्याचे स्वातंत्र्य मिळाले. केवळ सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांत धर्मशिक्षण देऊ नये, असे ठरले. त्याचबरोबर अस्पृश्यता नष्ट करण्यात आली. सार्वजनिक विहिरी सर्वांच्या झाल्या. धार्मिक संस्थांच्या आर्थिक व्यवहारांचे नियमन करण्याचा व हिंदूंची सार्वजनिक मंदिरे सर्व हिंदूंना खुली करण्याचा अधिकारही राज्याला मिळाला.

पंजाबराव १९५२ ते १९६२ पर्यंत भारताचे कृषिमंत्री होते. श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापून त्यांनी खेड्यापाड्यांतील मुलांना शिक्षणाची वाट मोकळी करून दिली. १० एप्रिल १९६५ रोजी त्यांचे देहावसान झाले. अकोल्याचे कृषी विद्यापीठ त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

मुलांनो, धर्माचा सखोल अभ्यास करणाऱ्या या पंडिताने तहानलेल्यांसाठी विहिरी मोकळ्या केल्या. श्रद्धा ज्याची त्याची. पाणवठा मात्र सर्वांचा, हीच त्यांच्या चरित्राची शिकवण आहे.