2.02 च्या जागी 2: खिशातला सायंटिफिक कॅल्क्युलेटर आणणारे बिल हेवलेट

2.02 चा नॅचरल लॉग काढा आणि आलेल्या उत्तरावर लगेच त्याची उलटी क्रिया करा. परत 2.02 च यायला हवं ना? पण 1972 साली तब्बल 395 डॉलरला मिळणाऱ्या एका कॅल्क्युलेटरवर उत्तर यायचं फक्त 2!

तो कॅल्क्युलेटर म्हणजे एचपी-35. शर्टाच्या खिशात मावणारा जगातला पहिला सायंटिफिक कॅल्क्युलेटर. तो आणला बिल हेवलेट यांनी, म्हणजे 'एचपी'मधल्या 'एच'ने.

गॅरेजमधली सुरुवात

हेवलेट यांचा जन्म 1913 चा, अमेरिकेतल्या मिशिगनमधला. वडील डॉक्टर होते, स्टॅनफर्डमध्ये शिकवायचे. बिल 12 वर्षांचे असताना ते गेले. डिस्लेक्सियामुळे बिल यांना वाचन जड जायचं, गणित-विज्ञानात मात्र डोकं चालायचं. स्टॅनफर्डमध्येच त्यांना डेव्हिड पॅकार्ड हा मित्र भेटला. 1939 साली दोघांनी पालो अल्टोच्या एका गॅरेजमध्ये 538 डॉलरच्या भांडवलावर कंपनी काढली. हेवलेट यांच्या ऑडिओ ऑसिलेटरमध्ये सिग्नल स्थिर ठेवायचं काम एक साधा बल्ब करायचा. डिस्नेने 'फँटेशिया'साठी असे 8 ऑसिलेटर विकत घेतले.

खिशाच्या मापाचं यंत्र

1968 साली एचपीने 9100ए हा कॅल्क्युलेटर आणला. वजन जवळपास 18 किलो. हेवलेट यांना तोच शर्टाच्या खिशात हवा होता. बाजाराची पाहणी सांगत होती, एवढ्या किमतीला कोण घेणार? इंजिनिअर लोकांचं काम स्लाइड रूलवर भागतच होतं. तरीही हेवलेट मागे हटले नाहीत.

स्लाइड रूलवर जेमतेम 3 आकडे खात्रीने वाचता यायचे. एचपी-35 वर 10 आकडे दिसायचे. साइन, कोसाइन, लॉग, वर्गमूळ, सगळं एका बटणावर. लॉग टेबलची पानं उलटायची गरजच संपली. पहिल्याच वर्षी सुमारे 1 लाख कॅल्क्युलेटर विकले गेले.

आणि मग ती चूक

सुमारे 25 हजार कॅल्क्युलेटर विकल्यावर 2.02 ची चूक समोर आली. फरक साधारण 1 टक्क्याचा, म्हणजे इथे साधी स्लाइड रूलसुद्धा जास्त अचूक ठरली असती! शिवाय 2 हे उत्तर इतकं स्वच्छ दिसतं की संशयच येत नाही.

गप्प बसणं सोपं होतं. पण कंपनीने ग्राहकांना चूक कळवली आणि कॅल्क्युलेटर दुरुस्त करून द्यायची तयारी दाखवली. गंमत म्हणजे, बहुतेकांनी तो परत पाठवलाच नाही.

पुढे 1975 च्या अपोलो-सोयुझ मोहिमेत एचपी-65 हा याच घराण्यातला कॅल्क्युलेटर अंतराळात गेला. अंतराळवीरांनी त्यावर मार्ग बदलण्याची गणितं केली.

हेवलेट यांचं निधन 2001 साली, 87 व्या वर्षी झालं. कॅल्क्युलेटरवर 10 आकडे दिसले म्हणजे ते दहाही बरोबर असतातच असं नाही, हा धडा मात्र त्यांच्या एचपी-35 ने तेव्हाच देऊन ठेवला होता.