कसोटीचे एक वर्ष

संशोधनाच्या एका वर्षाचे मोल कमला सोहोनी यांच्या चरित्रातून कळते. मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन १९३३ साली त्या, तेव्हाच्या कमला भागवत, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. संचालक रामन यांनी केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. अखेर वर्षभराच्या कसोटीवर त्यांना घेण्यात आले. श्रीनिवासय्यांसारखा मार्गदर्शक लाभला, दूध व कडधान्यांतील प्रथिनांवर काम झाले आणि पुढे संस्थेची दारे स्त्रियांना उघडली. १९३९ साली त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली.

२०२० च्या शैक्षणिक धोरणाने पदवीला संशोधनाचे चौथे वर्ष जोडले आहे. जळगाव-धुळ्याच्या विद्यार्थिनीला आता त्यासाठी झगडावे लागू नये. परंतु सुसज्ज प्रयोगशाळा व जाणता मार्गदर्शक नसेल, तर ते वर्ष केवळ कागदावरच राहील.