हम्फ्री बोगार्ट: अन्ननलिकेचा कर्करोग आणि उशिरा झालेली शस्त्रक्रिया

‘कासाब्लांका’ (१९४२) या चित्रपटामुळे हम्फ्री बोगार्ट हे नाव तुम्ही ऐकलं असेल. १८९९ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या या अभिनेत्याला ‘द आफ्रिकन क्वीन’साठी ऑस्कर मिळालं. सिगारेट आणि दारूचं प्रमाण मात्र फार होतं.

खोकला सुरू झाला, जेवण जाईना, तरी त्यांनी डॉक्टरांकडे जाणं लांबवलं. १९५६ मध्ये अन्ननलिकेच्या कर्करोगाचं निदान झालं. १ मार्चला शस्त्रक्रियेत अन्ननलिका, दोन लसिकाग्रंथी आणि एक बरगडी काढली. पण आजार पुढे गेला होता. १४ जानेवारी १९५७ रोजी, ५७ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

अन्ननलिकेचा किंवा ती जठराला मिळते तिथला कर्करोग ग्रंथींपर्यंत पोहोचला असेल, तर गाठ काढूनही न दिसणाऱ्या पेशी मागे राहू शकतात. म्हणून आता अशा बऱ्याच रुग्णांना शस्त्रक्रियेआधी किमोथेरपी, काहींना रेडिएशनही देतात. ‘लगेच ऑपरेशन का नाही?’ असं तुम्हाला वाटेल. पण हा काळ उपचाराचाच असतो. वाया जातो तो निदानाआधीचा वेळ. घास अडकत असेल, वजन घटत असेल, तर लगेच डॉक्टरांना दाखवा आणि एंडोस्कोपीबद्दल विचारा.