द्राक्षवेलीवर गाठ आणणारा जंतू पानात जीन कसा पोहोचवतो?

राजुरी ज्या जुन्नर तालुक्यात आहे, तो द्राक्षांसाठी ओळखला जातो. द्राक्षवेलीच्या बुंध्यावर ‘क्राउन गॉल’ ही गाठ आणणारा मातीतला जंतू आज प्रयोगशाळेत कामाला लागला आहे. त्याचे गाठ आणणारे जीन काढून हवे ते जीन घालतात. मग जंतूंचे पाणी बिनसुईच्या सिरिंजने पानात दाबतात. पान काही दिवस हवे ते प्रथिन बनवते. बियांत काही उतरत नाही.

या जंतूचा पिच्छा पुरवला अमेरिकेच्या एर्विन स्मिथ यांनी (१८५४-१९२७). जंतूंमुळे झाडे आजारी पडतात, हेच तेव्हा अनेकांना पटत नव्हते. जर्मनीच्या आल्फ्रेड फिशर यांच्याशी त्यांचा जाहीर वाद झाला. १९०७ मध्ये स्मिथ आणि टाउनसेंड यांनी डेझीच्या गाठीतून हा जंतू वेगळा काढला. (इटलीत कावारा यांनी १८९७ मध्येच द्राक्षावर तो शोधला होता, नाव मात्र स्मिथ यांचे झाले.) तो वेगळा काढण्याची सुधारित पद्धत १९२६ मध्ये एम. के. पटेल यांनी मांडली. ते पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयात वनस्पतिरोगतज्ज्ञ होते.

स्मिथ या गाठीत माणसाच्या कॅन्सरचे कारण शोधत राहिले. तिथे ते चुकले. जंतू स्वतःच्या डीएनएचा तुकडा झाडाच्या पेशीत घालतो, हे १९७७ मध्ये सिद्ध झाले. स्मिथ यांना जाऊन तेव्हा ५० वर्षे झाली होती.