न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे

मुलांनो, इथल्या शाळेत सोशल स्टडीजच्या तासाला तुम्ही अमेरिकन सरकारचे तीन भाग शिकता. काँग्रेस कायदे करते, राष्ट्राध्यक्ष कारभार पाहतो आणि कोर्ट न्याय देते. ही राज्यघटना १७८७ साली लिहिली गेली. त्याच्या चौदा वर्षे आधी पुण्यात एका न्यायाधीशाने खुद्द राज्यकर्त्यालाच गुन्हेगार ठरवले होते. ते रामशास्त्री प्रभुणे.

रामशास्त्री साताऱ्याजवळच्या माहुलीचे. घरची गरिबी, म्हणून लहानपणी ते एका सावकाराकडे घरकाम करत. एकदा मालकाच्या हातावर पाणी घालताना त्यांचे लक्ष मालकाच्या दागिन्यांकडे गेले, पाणी भलतीकडेच सांडले आणि मालक काहीतरी लागट बोलला, असे सांगतात. रामने नोकरी सोडली आणि काशी गाठली. (तेव्हा आगगाडी नव्हती बरं का!) तिथे धर्मशास्त्र शिकून ते शास्त्री होऊनच परतले. १७५१ मध्ये ते पेशव्यांच्या नोकरीत लागले आणि १७५९ मध्ये मुख्य न्यायाधीश झाले.

थोरले माधवराव पेशवे त्यांना फार मानत. ते १७७२ मध्ये वारले आणि धाकटे भाऊ नारायणराव गादीवर आले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणपतीच्या दिवसांत, शनिवारवाड्यात गारद्यांनी, म्हणजे पगारी शिपायांनी, नारायणरावांना ठार मारले. वय अवघे अठरा! जीव वाचवायला ते धावत काकांकडे, रघुनाथरावांकडे गेले होते. पुढे काकाच पेशवे झाले.

शास्त्रीबुवांनी चौकशी केली. कटाचे धागे थेट नव्या पेशव्यांपर्यंत पोचले. रघुनाथरावांनी फक्त पुतण्याला धरण्याचा हुकूम दिला होता, त्यात कोणीतरी एक अक्षर बदलून मारण्याचा केला, असे म्हणत. 'ध' चा 'मा' करणे हा वाक्प्रचार त्यावरूनच आला. पण शास्त्रीबुवांनी दोष रघुनाथरावांनाच दिला.

आता पेच बघा. न्यायाधीशाला नेमणारे पेशवे, पगार देणारे पेशवे, आणि आरोपीही पेशवेच. अमेरिकेत फेडरल न्यायाधीशाचा पगार कमी करता येत नाही, आणि महाभियोगाशिवाय त्याला काढताही येत नाही. रामशास्त्र्यांना असले काहीच संरक्षण नव्हते. तरी त्यांनी रघुनाथरावांना तोंडावर सांगितले की या पापाला देहांत हेच प्रायश्चित्त. मग पद सोडून ते पुण्याबाहेर निघून गेले.

निकाल झाला, पण अंमलात आणणार कोण? शिपाई तर पेशव्यांचेच. शेवटी नाना फडणीस वगैरे बारभाईंनी रघुनाथरावांना दूर करून नारायणरावांच्या तान्ह्या मुलाला पेशवा केले. ते काम कोर्टाचे नव्हे, राजकारणाचे. रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयाला गेले. त्यातून पहिले इंग्रज-मराठा युद्ध झाले. देहांताची शिक्षा त्यांना कधी झालीच नाही. ते १७८३ मध्ये वारले.

बारभाईंनी रामशास्त्र्यांना पुण्यात परत बोलावले आणि त्यांनी पुन्हा न्यायाधीशाचे काम हाती घेतले. १७८९ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी अमेरिकेत काँग्रेसने कायदा करून सुप्रीम कोर्टाची रचना ठरवली. तेव्हा त्यात न्यायाधीश सहाच होते.

सुट्टीत पुण्याला गेलात तर शनिवारवाड्याचा नारायण दरवाजा जरूर बघा. नारायणरावांचे शव तिथून बाहेर नेले, म्हणून हे नाव.