ब्रूनो लिल्येफोर्स : रान आणि प्राणी यांचा चित्रकार

स्वीडनचे ख्यातनाम चित्रकार ब्रूनो लिल्येफोर्स यांचा जन्म १८६० मध्ये उप्साला येथे झाला. बालपणी ते अशक्त होते; रानातील भटकंती व शिकार यांतून त्यांनी शरीर कमावले आणि नजरही. स्टॉकहोमच्या कला अकादमीतील शिक्षणानंतर त्यांनी जर्मनी, इटली व फ्रान्स येथे प्रवास केला. परंतु त्यांचे खरे विषय मायदेशातील जंगलांत व समुद्रकिनारी होते. कोल्हे, ससे असे प्राणी पाळून ते त्यांच्या हालचाली न्याहाळत. १८९३ मध्ये खुल्या झालेल्या स्टॉकहोमच्या जीवशास्त्र संग्रहालयातील दृश्यांची पार्श्वभूमीही त्यांनी रंगविली. याच दशकात आर्थिक विवंचनेने ग्रासले असतानाही त्यांची साधना खंडित झाली नाही.

त्यांच्या चित्रांत शिकारी प्राणी दुष्ट नसतो आणि भक्ष्यही केविलवाणे नसते. हिमातील पांढरा ससा परिसरात जवळजवळ विरून जातो, कारण प्राण्याचा रंग हा त्याच्या परिसराचाच भाग होय, हे त्यांनी ओळखले होते. स्वतः शिकारी असूनही त्यांनी क्रौर्याचे उदात्तीकरण केले नाही. १९३९ मध्ये त्यांचे निधन झाले. निसर्गचित्र आणि प्राणिचित्र यांतील सीमारेषा पुसणे, हे त्यांचे महत्त्वाचे योगदान विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे.