डॉ. वाल्डेमार हाफकिन

१८९६ च्या पावसाळ्याच्या अखेरीस मुंबईंत प्लेगनें थैमान मांडलें. आपल्या शहापूर तालुक्यांतील तानसा तलावाचें पाणी मिळूं लागून त्या शहरास अवघीं चार वर्षें झालीं होतीं. पाण्याची तहान भागली, परंतु या रोगावर कोणापाशींच उपाय नव्हता. अशा वेळीं सरकारनें कलकत्त्याहून वाल्डेमार हाफकिन यांस बोलाविलें.

हाफकिन यांचा जन्म १८६० सालीं त्या वेळच्या रशियन साम्राज्यांत एका यहुदी कुटुंबांत झाला. त्यांचें शिक्षण ओडेसा येथें मेचनिकॉव्ह या शास्त्रज्ञाच्या हाताखालीं झालें. ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यास अध्यापकाची जागा त्यांस मिळती. त्यांनीं ती नाकारली. मिशनच्या शाळेच्या वार्षिकांत हें लिहितांना मला संकोच वाटत नाहीं. लाभासाठीं घेतलेला धर्म कोणत्या देवास आवडेल? पुढें पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत ग्रंथपालाचे मदतनीस म्हणून राहून त्यांनीं पटकीवरील लस शोधिली व १८९३ मध्यें ते हिंदुस्थानांत आले.

मुंबईंत ग्रँट मेडिकल कॉलेजांतील एक खोली, एक कारकून व तीन शिपाई एवढ्यावर काम सुरू झालें. लशीसाठीं प्लेगचे जंतु विपुल हवे होते. जंतूंचें पीक विलक्षण असतें. पेरल्यावर आरंभीं कांहींच दिसत नाहीं. मग एकाचे दोन, दोनांचे चार अशी भराभर वाढ होते. आणि अन्न किंवा हवा अपुरी पडली कीं ती थांबते. हाफकिन यांनीं बोकडाच्या मांसाच्या रशावर तुपाचे थेंब तरंगत ठेविले. जंतु त्या थेंबांना खालून धरून वडाच्या पारंब्यांप्रमाणें रशांत लोंबत वाढूं लागले. चंबू हलविला कीं पारंब्या तुटून तळाशीं बसत व थेंबांखालीं नवें पीक धरे. मुरबाड-शहापुरास बहुतेक शेतांत भात वर्षांतून एकदांच. येथें मात्र एकाच चंबूंत सहा आठवड्यांत पिकामागून पीक. शिवाय जंतूंचें विष रशांत सांठत जाई, आणि हाफकिन यांस जंतु व विष दोन्ही हवीं होतीं. नंतर तें सर्व तापवून जंतु मारीत व कार्बोलिक ॲसिड घालीत.

१० जानेवारी १८९७ रोजीं त्यांनीं पहिली लस स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली. १८९९ मध्यें प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसांत गेली.

मागणी वाढली तेव्हां लस लवकर व्हावी म्हणून कृतींत बदल केला. कार्बोलिक ॲसिड वगळून केवळ उष्णतेवर विसंबले. १९०२ च्या ऑक्टोबरांत पंजाबांतील मुलकोवाल गांवीं एका बाटलींतील लस टोंचलेलीं १९ माणसें धनुर्वातानें दगावलीं. ठपका परळवर आला; हाफकिन यांस कामावरून दूर केलें. वस्तुतः बाटली उघडतांना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करतांच वापरला गेला होता. ही गोष्ट मान्य होण्यास १९०७ साल उजाडलें. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्यांनीं त्यांची बाजू जाहीरपणें मांडली, तेव्हां सरकारनें त्यांस दोषमुक्त केलें.

ते पुन्हां कलकत्त्यास कामावर रुजू झाले, पण परळची प्रयोगशाळा त्यांस परत मिळाली नाहीं. १९२५ मध्यें तिला त्यांचें नांव देण्यांत आलें. १९३० च्या ऑक्टोबरांत स्वित्झर्लंडांतील लोझान येथें, अविवाहितच, त्यांचें निधन झालें.